चावणारा नळ आणि साठ वॅटचा दिवा

माझ्या कामाच्या पिशवीत एक होल्डर असतो. त्यात साठ वॅटचा साधा पिवळा दिवा आणि होल्डरमधून निघालेल्या दोन लांब वायरी. आमच्या धंद्यात याला टेस्ट लॅम्प म्हणतात. दिसायला अगदीच गबाळा. लोकांना खिशाला लावलेला टेस्टर आवडतो, टेस्टर दिसला की माणूस त्यांना इलेक्ट्रिशियन वाटतो. पण टेस्टर हा फार भरवशाचा गडी नाही. वायरीत काही दम नसला तरी तो कधी मिणमिणतो, आणि कधी दम असून गप्प बसतो. दिव्याचं तसं नसतं. करंट खरोखर वाहत असेल तरच तो लागतो.

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाचा एखादा अनुभव लिहा' म्हटलं, तेव्हा सगळ्यात आधी मला हा दिवा आठवला. कारण तो पिशवीत असूनही एकदा मी तो बाहेर काढला नव्हता, आणि त्यापायी एका सत्तर पार केलेल्या बाईंवर स्वतःचं घर सोडायची वेळ आली होती.

मी काही पहिल्यापासून इलेक्ट्रिशियन नाही. सतरा वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका औषधाच्या कंपनीत चेकिंगला होते. समोरून पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिपा जायच्या. एखादा खड्डा रिकामा, एखादी गोळी फुटलेली, ती स्ट्रिप उचलून बाजूला टाकायची. आठ तास नुसतं बघायचं. माझ्या मिस्टरांना वाटायचं हे फार सोपं काम. एकदा म्हणाले, 'अगं, तुला बघायचे पैसे देतात.' मी म्हटलं, बघणं वाटतं तेवढं सोपं नाही. पहिल्या तासाला सगळेच बघतात, सातव्या तासाला बघतो त्याला पगार असतो.

एका दिवाळीला कंपनीने प्रत्येकाला स्टीलच्या डब्यांचा सेट दिला. आम्ही बायका खूश. एरवी सोनपापडीवर भागवायचे, या वर्षी मालकांना काय उपरती झाली म्हणून हसलो. सुट्टी संपवून गेलो तर गेटवर कागद. कंपनी परराज्यात हलवली होती. मशीनसुद्धा आम्ही घरी करंज्या तळत असताना गेलेल्या. ते डबे अजून आहेत माझ्याकडे. एकात फ्यूज वायर ठेवते, एकात स्क्रू.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. चार महिने मी नुसती घरात बसून कळव्याच्या घराच्या खिडकीतून खाली बघत राहिले. मग एक दिवस आमच्या घरातला पंखा बंद पडला आणि मिस्टरांनी बोलावलेला माणूस तीन दिवस 'आलोच' म्हणत राहिला. चौथ्या दिवशी मी स्टुलावर चढले. कपॅसिटर जळलेला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तो छोटा डबा फुगलेला होता आणि फुगलेली वस्तू बाजूला काढायची मला सतरा वर्षांची सवय. तसाच नवीन आणून लावला, पंखा फिरला. खाली उतरले तेव्हा माझं ठरलं होतं.

आयटीआयमध्ये वायरमनचा छोटा कोर्स होता. वर्गात सगळी विशीची मुलं आणि मी एकटी काकू. आमचे देवरे सर पहिल्या दिवशी म्हणाले, 'ताई, शिवणक्लास वरच्या मजल्यावर आहे.' मी म्हटलं, 'माहीत आहे सर, तिथली ट्यूब उडतेय, मीच जाऊन दुरुस्त करीन सहा महिन्यांनी.' सर हसले नाहीत. पण त्यांनी त्यानंतर मला कधी सूट दिली नाही आणि कधी मागेही ठेवलं नाही. भिंतीला खाचा पाडताना माझ्या हाताला फोड आले तर म्हणाले, 'सगळ्यांनाच येतात.' एवढंच मला हवं होतं. टेस्ट लॅम्प त्यांनीच करायला लावला. प्रत्येकाने आपापला. म्हणाले, 'टेस्टर सांगेल ते ऐका, पण दिवा सांगेल ते माना.' वर्गातली मुलं कुजबुजली, कोण हे धूड घेऊन फिरणार. मीही त्यांच्यातलीच.

परीक्षा दिली, परवाना मिळाला. आता काम कुठून मिळवायचं?

ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांची एक पद्धत आहे. गेटच्या आत, वॉचमनच्या खुर्चीच्या वर एक पत्र्याचा बोर्ड असतो. त्यावर रंगाने नावं लिहिलेली असतात. प्लंबर अमुक, इलेक्ट्रिशियन तमुक, गॅस, दूध, इस्त्रीवाला. मोबाइलमध्ये कितीही नंबर असू देत, दिवे गेले की माणसं जिना उतरून त्या बोर्डापाशीच येतात. बोर्डावर नाव असलं की तुम्ही त्या बिल्डिंगचे झालात. सुतार, प्लंबर वीस-वीस वर्षं त्या एका ओळीवर काम करतात. मला असा एक बोर्ड हवा होता. मी मिस्टरांना म्हटलेलं, एकाच बिल्डिंगवर लागू दे, पण नाव माझं पाहिजे.

बोर्ड मिळेपर्यंत मिळेल ते करत होते. वर्तकनगरला एका गृहस्थांनी दार उघडलं, माझ्या खांद्यावरून मागे जिन्यात बघितलं आणि विचारलं, 'इलेक्ट्रिशियन कुठंय?' मी म्हटलं, पोचलेय. त्यांनी मला आत घेतलं, पण मी स्विचबोर्ड उघडून बसले असताना ते सबंध वेळ टॉर्च धरून उभे राहिले, मी काही चोरीन म्हणून की मी मरेन म्हणून, ते कळलं नाही. कल्याणच्या बाजूला एका गावात हळदीची लायटिंग होती. तिथल्या म्हाताऱ्या आजीने हाक मारली, 'काय गो बाय, तूच का वायरमन?' मी हो म्हटल्यावर तिने आधी मला जेवायला वाढलं, मग मीटर दाखवला. फ्यूज सारखा उडतो म्हणून तिच्या मुलांनी त्यात छत्रीची काडी अडकवलेली. मी ती काडी काढून आजीच्या हातात दिली आणि सांगितलं, लग्नघर आहे, ही घरात ठेवू नका. आजीने मुलांना जे काय सुनावलं ते इथे छापता येणार नाही.

अशी वर्ष-दीड वर्षं गेली. नौपाड्यात एका पिठाच्या गिरणीत मी माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवलेली. एक दिवस तिथून फोन आला. गिरणीवाला म्हणाला, 'लिमये बाई म्हणून आहेत, शाळेतल्या रिटायर्ड. त्यांना मी बोललो बाईमाणूस आहे, चालेल का. तर म्हणतात, बाईच पाहिजे.'

लिमये बाई चार मजली, सोळा बिऱ्हाडांच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. उंच, सडपातळ, गुडघ्याने अधू. बोलणं एकदम स्वच्छ, प्रत्येक शब्द जागच्या जागी. मराठी शिकवायच्या, आणि शाळेच्या फळ्यावरचं सगळं लिखाण तीस वर्षं त्यांच्याच हातचं, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, 'मला न्हाणीघरातला नळ चावतो.'

मी विचारलं, म्हणजे शॉक लागतो का? तर म्हणाल्या, 'शॉक कसा असतो ते मला माहीत नाही. हा चावतो. मुंग्या येतात, कोपरापर्यंत. रोज नाही, आणि सुरुवातीला नाही. अंघोळीच्या मध्येच कधीतरी. मुलाला सांगितलं, तो डोंबिवलीहून आला, त्याने नळ धरून बघितला, काही नाही. आमचे बाबू मिस्त्री आले, टेस्टर लावला, काही नाही. ते पुरुष, त्यांना मी अंघोळीचं आणखी काय सांगणार? तुम्ही बघा.'

मी न्हाणीघरात गेले. नळाला दुधाची प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर रबर लावलेलं होतं. मी विचारलं हे काय. त्या म्हणाल्या, 'हे असलं की चावत नाही.'

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात आलं की बाईंचं वय झालंय. एवढ्या शिकलेल्या बाई, नळाला दुधाची पिशवी बांधतात. मी पिशवी काढली. गिझरचं बटण चालू होतं. खिशातला टेस्टर काढून नळाला लावला. काही नाही. गिझरला लावला. काही नाही. दिवा माझ्या पिशवीत, दोन हातांवर होता. पण तो काढायचा म्हणजे वायरी सोडवा, जागा शोधा, पाय घसरणार नाही असं उभे राहा. आणि मला वाटलं, एवढा पसारा मांडून काही निघालं नाही तर बाई म्हणतील हिला येत नाही. मी खिशात टेस्टर परत खोचला आणि म्हटलं, 'बाई, काही नाहीये. नळ ठीक आहे.'

त्यांचा चेहरा पडला. वाद घातला नाही. 'बरं,' म्हणाल्या, आणि दुधाची पिशवी माझ्या हातातून घेऊन घडी करून ठेवली.

आठवड्याने शनिवारी संध्याकाळी मी घरी मिस्टरांच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. ते शाळेची बस चालवतात, खाकी कपडे. इस्त्रीचा लाल दिवा विझला. मिस्टर म्हणाले, 'बिघडली वाटतं. घरची इलेक्ट्रिशियन, आणि इस्त्री बघा.' मी म्हटलं, बिघडली नाही, तापली म्हणून दिवा गेला. थंड झाली की येईल परत.

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि लिमये बाईंचं न्हाणीघर डोळ्यांपुढे आलं. इस्त्री तिथेच उभी केली. लिमये बाईंच्या गिझरचं बटण चालू होतं, पण त्याचा दिवा मी गेले तेव्हा बंद होता. म्हणजे पाणी तापून झालेलं होतं आणि गिझरने आतली पाणी तापवणारी कॉइल स्वतःच बंद करून ठेवलेली. त्या वेळी कॉइलमध्ये करंटच नव्हता, मग नळात कुठून येणार? बादलीभर गरम पाणी काढलं की टाकीत गार पाणी शिरतं, दिवा परत लागतो, कॉइल परत चालू होते. बाई म्हणत होत्या ना, सुरुवातीला नाही, मध्येच कधीतरी. आणि ती दुधाची पिशवी. भास प्लॅस्टिकला घाबरत नाहीत, करंट घाबरतो. त्या बाईंनी मला सगळं उत्तर सांगितलेलं, मी फक्त ऐकलं नव्हतं.

मी लगेच फोन लावला. त्या म्हणाल्या, 'उद्या सकाळी मुलगा येतोय, नितीन, मला न्यायला. आठ दिवस मी अंघोळच करत नाहीये, ओल्या फडक्याने अंग पुसते. शेजारणीने त्याला कळवलं. डोंबिवलीला डॉक्टरांची वेळ घेतलीय त्याने, डोक्याच्या. हे घर बंद करायचं म्हणतोय. दोन-दोन इलेक्ट्रिशियननी सांगितल्यावर मला बोलायला तोंड राहिलं नाही.'

मी म्हटलं, 'बाई, गिझरचं बटण बंद ठेवा, नळाला हात लावू नका. मी उद्या आठ वाजता येते. मी आल्याशिवाय घर सोडू नका.'

'आता तुम्ही येऊन काय करणार?' त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर नितीन आधीच आलेले. बॅग भरलेली, औषधांचा डबा वर. मोठ्या बँकेत साहेब, पण माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मला म्हणाले, 'ताई, तुम्हीच म्हणालात ना नळ ठीक आहे? आता परत काय? तिला उगाच आशा लावू नका.'

मी म्हटलं, 'मी चुकले होते. मला अर्धा तास द्या.' मग बाईंकडे वळले. 'बाई, तुम्ही अंघोळ कशी करता, ते मला पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका.'

बाई खुर्चीवर सरळ बसल्या आणि त्यांनी सांगितलं, जसं वर्गात सांगत असतील तसं. बटण लावायचं. पाणी तापलं की स्टुलावर बसायचं. गुडघा दुखतो म्हणून डाव्या हाताने नळ धरून ठेवायचा. गिझरचं बटण बाहेर, उंच, मध्ये उठून बंद करता येत नाही, म्हणून चालूच. एक बादली भरून अंगावर, मग दुसरी लावायची. नळ चावतो तो दुसऱ्या बादलीला.

मी नितीनना विचारलं, तुम्ही नळ धरून बघितलात तेव्हा बटण चालू होतं का. ते म्हणाले, 'छे, आमच्याकडे शिस्त आहे, गिझर बंद करूनच आत जायचं.' आणि बोलता बोलता थांबले.

मग मी दिवा काढला. रबरी चपला घातल्या, बाईंच्या देवघरातला लाकडी पाट मागून घेतला आणि त्यावर उभी राहिले. हे घरी कोणी करू नये, मला ते शिकवलेलं आहे. एक वायर बाहेरच्या प्लगच्या न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला, जोडली, दुसरी चिमट्याने नळाला. हात मागे घेतले. बटण लावायला सांगितलं. पाणी तापलं, गिझरचा दिवा विझला. माझा दिवाही काळाच. नितीन म्हणाले, 'बघा.' मी म्हटलं, थांबा, बाईंची पहिली बादली आहे. लाकडी पट्टीने नळ फिरवून सोडला. पहिली बादली भरली, ओतून दिली. दुसरी लावली. दुसरी अर्धी झाली असेल, गिझरवरचा लाल ठिपका लागला. आणि माझ्या साठ वॅटच्या दिव्यातली तार आधी तांबूस झाली, मग पिवळी.

पाणी बादलीतून वाहत होतं. बाई दारात काठी टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, 'नितीन, बघ. चावतोय.'

मी आधी बटण बंद केलं. मागे वळून बघितलं तर नितीन पॅसेजमध्येच जमिनीवर बसलेले. 'आई, मी तुला वेड्याच्या डॉक्टरकडे न्यायला निघालेलो,' म्हणाले. बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. 'तू दिवा लागलेला बघितलास ना, मग झालं,' म्हणाल्या.

मला खरं तर तेव्हा रडू येत होतं, आनंदाने आणि भीतीने. त्या आठ दिवसांत बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून पिशवी काढून नळ धरला असता तर काय झालं असतं, हे लिहितानाही हात थांबतो. त्यांनी माझं ऐकलं नाही, म्हणून त्या वाचल्या.

पण काम अर्धंच झालेलं. गिझरमधून करंट गळत असला तरी नळ चावता कामा नये. घरात जी तिसरी वायर असते, अर्थिंगची, ती त्यासाठीच असते. चुकलेला करंट माणसातून न जाता त्या वायरीने निमूट जमिनीत जावा, म्हणून ठेवलेली ती मागची वाट. मी दिवा खोलीतल्या प्लगवर लावला. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि न्यूट्रल यांच्यामध्ये लखलखीत लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला, मिणमिणलासुद्धा नाही. मागची वाट बंद होती. मी बाईंना विचारलं, नळ केव्हापासून चावतो. म्हणाल्या, 'मे महिन्यापासून. सोसायटीने पाइप बदलले तेव्हापासून.'

मी जिना उतरून मीटरच्या खोलीत गेले. जुन्या इमारतींत अर्थिंगची वायर जमिनीत न गाडता सरळ पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधायचे. पाइप जमिनीतून येतो, चालून जायचं. वायर मला सापडली. भिंतीवरून खाली आलेली आणि चांगल्या पितळी क्लॅम्पने, दोन्ही नट घट्ट आवळून, पाइपला बांधलेली. पाइप पांढरा, प्लॅस्टिकचा. लोखंडी पाइप काढताना प्लंबरने ती वायर सोडवली आणि नवीन पाइप बसवल्यावर कर्तव्य म्हणून परत होती तिथे बांधून टाकली. वर रंगाचा हातही मारलेला. एवढं मन लावून केलेलं चुकीचं काम मी अजून दुसरं बघितलं नाही. मी तिथे एकटी उभी राहून हसले. मग लक्षात आलं की वर सोळा घरं आहेत आणि सोळाही घरांची वायर इथेच येते. हसू थांबलं.

सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, बाबू मिस्त्रींना विचारल्याशिवाय काही करता येणार नाही, बोर्डावर त्यांचं नाव आहे. मी म्हटलं, बोलवा, मीही थांबते. दुपारी खाली पार्किंगमध्ये वीस-पंचवीस माणसं जमली. एक काका म्हणाले, 'आमच्याकडे काही चावत नाही.' मी म्हटलं, 'तुमचा गिझर अजून चांगला आहे म्हणून. ज्या दिवशी बिघडेल त्या दिवशी चावेल.' पंपाच्या प्लगवर मी दोनदा दिवा लावून दाखवला. एकदा लागला, एकदा नाही. बायकांना लगेच कळलं. पुरुषांनी तीनदा लावायला लावला.

बाबू मिस्त्री मागे उभे होते. साठीचे, खिशाला टेस्टर. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं आता ते मला फाडून खाणार. ते मीटरच्या खोलीत गेले, स्क्रू-ड्रायव्हरने पाइपवरचा रंग खरवडला, खालचं पांढरं प्लॅस्टिक बघितलं आणि बाहेर आले. 'वायर मी टाकलेली, बिल्डिंग झाली तेव्हा,' म्हणाले. 'क्लॅम्प प्लंबरने लावला. पण चार महिने मी रोज त्याच्या बाजूने जातो. बघायला मी पाहिजे होतो.' मग मला म्हणाले, 'ताई, खड्डा कधी घ्यायचा?'

माणूस असावा तर असा. मी त्यांच्या जागी असते तर एवढ्या लोकांत हे बोलले असते का, मला माहीत नाही.

खड्डा आम्ही दोघांनी मिळून घेतला, मागच्या अंगणात, पुरुषभर खोल. तांब्याची पट्टी उभी करून भोवती कोळसा आणि जाडं मीठ थरावर थर भरायचं, वरून पाणी घालत राहायचं, अशी ती रीत. मिठाने जमीन ओलसर राहते. बाबू मिस्त्रींचे आजोबा खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होते. पोती ओतताना ते म्हणाले, 'मिठाने आमच्या घराण्याला सोडलं नाही.' सोळा घरांच्या वायरी नव्याने आणून जोडल्या, प्रत्येक घराला चुकलेला करंट लगेच तोडणारा स्विच बसवला, बाईंचा गिझर बदलला. शेवटच्या दिवशी प्रत्येक घरात जाऊन फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लावून दाखवला. सोळाच्या सोळा ठिकाणी लख्ख लागला. चौथ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं. नको म्हणता म्हणता काचेवर बोट लागलंच. तो डाग जळून तपकिरी झालाय, पण आहे अजून.

बाईंनी त्या दिवशी दोन बादल्या पाण्याने अंघोळ केली. मी बाहेर बसून होते. आतून त्या मोठ्याने म्हणाल्या, 'शुभांगी, दुसरी लावलीय गं.' पहिल्यांदा मला नावाने, अगं-तुगं केलं. मग थोड्या वेळाने, 'नाही चावत.' नितीन बॅग रिकामी घेऊन डोंबिवलीला गेले.

राहता राहिला बोर्ड. बाबू मिस्त्री सेक्रेटरींना म्हणाले, माझ्या खाली ताईंचं नाव घाला, मी आता जिने किती चढणार. सेक्रेटरींनी घातलं. मी बघायला गेले तर लिहिलेलं, 'इलेक्ट्रिशियन : सौ. तावडे, निरोप मिस्टरांकडे द्यावा,' आणि पुढे मिस्टरांचा नंबर. बाईमाणसाचं नाव-नंबर असा उघड्यावर नको, असं त्यांचं म्हणणं. मिस्टर हसून हसून बेजार. मला म्हणाले, 'मी सांगतो लोकांना, मॅडम कामात आहेत.' मी हसले नाही. एवढं सगळं करून बोर्डावर मी नव्हतेच.

हे लिमये बाईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी गेले तर त्या खाली, वॉचमनच्या खुर्चीवर उभ्या. गुडघा अधू, एका बाजूने वॉचमन धरून उभा, दुसऱ्या बाजूने बाबू मिस्त्री, त्यांच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा. बाईंनी ती ओळ आधीच खरवडून काढलेली. ब्रश घेऊन लिहिलं, 'इलेक्ट्रिशियन : शुभांगी तावडे.' पुढे माझा नंबर. अक्षर असं की बाकी सगळा बोर्ड कुणी घाईत उरकल्यासारखा दिसायला लागला. सेक्रेटरी जिन्यात आले, बोर्ड वाचला आणि परत वर गेले. मागाहून कळलं, ते बाईंचेच विद्यार्थी.

मला वाटलं झालं. पण बाईंनी ब्रश परत बुडवला आणि नंबराच्या पुढे बारीक अक्षरात, प्रगतिपुस्तकात शेरा मारतात तसं, आणखी तीन शब्द लिहिले. 'आधी ऐकून घेतात.'

मी म्हटलं, 'बाई, हे पुसा. पहिल्या खेपेला मी कुठे ऐकलं होतं तुमचं?'

बाईंनी खाली उतरून ब्रश पुसला, माझ्याकडे न बघता. 'नापास झाली होतीस,' म्हणाल्या. 'पण फेरपरीक्षेला बसलीस ना? आम्ही त्याचेच मार्क धरतो.'